दोनशे ग्रॅम

आमचा काटा शून्यावर येत नाही.
रिकामा असला तरी दोनशे ग्रॅम दाखवतो,
जसं कुणी कोपऱ्यात अंगठा टेकवून उभं आहे.
एदेल्मिरा प्रत्येक नोंदीतून दोनशे वजा करते
आणि पेन्सिल पुन्हा कानामागे खोचते.

शेड म्हणजे जुनी शाळा.
समुद्र तिच्या पायऱ्या चाटू लागला तेव्हा
खाली ओंडके सरकवून, सोळा बैल जुंपून
बेटाने ती चढावर ओढून आणली.
अशा कामाला चिलोएत मिंगा म्हणतात:
मजुरी नाही, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं.
संस्थेकडे तेव्हा पैसे नव्हते,
आम्ही पातळ सूप वाढलं.
त्या सुपावरून अजून दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत,
कचरा मात्र आणून देतात. धुतलेला.

दारावर पाटी आहे, लो के केदा.
जे उरतं ते.

मंगळवारी उघडतो, आणि शुक्रवारी.
सॅमन पाळणाऱ्या कंपनीचे फुटके तरंगे येतात,
निळे दोर, मासळीच्या खाद्याच्या गोण्या,
आणि थर्माकोल. वादळानंतर आमचा किनारा असा दिसतो
की रात्रभर कुणी बसून हजार कोंबड्या सोलल्यात.
रेमिखिओची पोरं टायर गडगडत आणतात,
एकदा त्यात तिसरं पोर बसलेलं होतं.
मास्तरीण बाई बॅटऱ्या मोज्यात बांधून पाठवतात
आणि मोजा परत मागतात.

आणि म्हातारा नोल्बेर्तो बार्रिएंतोस.
तो आणायचा एक बाटली.
एकच. दर वेळी.
सफरचंदाच्या दारूची हिरवी बाटली,
लेबल नखाने खरवडून काढलेलं,
आत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.
ती काट्यावर ठेवून हात मागे बांधून उभा राहायचा.
सहाशे वीस, एदेल्मिरा म्हणायची. वजा दोनशे.
चारशे वीस, तो म्हणायचा,
बाजारात घासाघीस जिंकल्यासारखा.
मग स्टोव्हजवळचं बाक, एक कप माते,
बटाट्यांना लागलेली कीड,
तीस वर्षांपूर्वी पाताळात गेलेली कुणाची तरी नाव.
आम्ही हातांनी झाकणं वेगळी करत ऐकायचो.
कधी नाहीही ऐकायचो.

मी एकदा म्हटलं होतं,
साठवून आणा ना एकदम, एवढा चढ कशाला.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी लाकूड घालायचं निमित्त करून उठले.

ऑगस्टमध्ये दोन शुक्रवार तो आला नाही.
तिसऱ्याला त्याची पुतणी आली, किल्ली घेऊन.

घरामागच्या खोपटात, बटाट्यांच्या पोत्यांआड,
भिंतीला लागून रचलेल्या होत्या.
सगळ्या धुतलेल्या. सगळ्या हिरव्या.
दाराच्या फटीतून ऊन आलं तेव्हा खोपटात
पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटलं.
रेमिखिओने मोजल्या, मग परत मोजल्या.
तीनशे बारा.

आठवड्याला दोन.
हिशेब एदेल्मिरानेच केला, मोठ्याने नाही,
ओठ हलले एवढंच.
तीन वर्षं.
अठ्ठ्याऐंशीचा होता तो.
एक्क्याण्णवपर्यंतची तजवीज
धुऊन, वाळवून ठेवली होती त्याने.

पालिकेचा फॉर्म दर वर्षी येतो.
त्यात एकच रकाना असतो: किती किलो कमी केलंत?
आणि शेरा लिहायला बोटभर जागा.

पोती बैलगाडीतून आणली.
काट्यावर एकेक चढवली, अकरा पोती.
बेरीज एकशे तेहतीस किलो आणि वर काही.
वजा करायचं एदेल्मिरा विसरली,
किंवा विसरली नाही.
नावाच्या रकान्यात तिने पूर्ण नाव लिहिलं, आईच्या आडनावासकट,
जे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पुएर्तो मोंतचा ट्रक बुधवारच्या बोटीने येतो.
काच वेगळी द्यावी लागते, झाकणं वेगळी.
झाकणं त्याने आधीच काढून ठेवली होती,
एका डब्यात, वर कापड बांधून.